गोळी घेताना पोटात काय घालायचं, काय नाही

आईच्या सांध्यांच्या गोळ्या, बाबांच्या शुगरच्या गोळ्या आणि घरात कुणाला काही झालं की येणारे अँटिबायोटिकचे कोर्स, हे सगळं वेळापत्रक बरीच वर्षं मीच बघते. गोळी कधी द्यायची ते चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, त्याचं काही वाटत नाही. खरा घोळ असतो तो पोटाचा. कुणाला गोळीने जळजळ होते, कुणाला मळमळतं, कुणाच्या पोटात नुसती कळ येते आणि मग दोन दिवसांनी तो माणूस सांगतो की मला ती गोळी सोसत नव्हती म्हणून मी बंद केली. झालं, औषध अर्धवट सुटलं. मला याचं फार वाईट वाटतं कारण बऱ्याचदा गोळी बदलायची गरजच नसते, ती कशासोबत घेतोय एवढं बदललं तरी भागतं. पण काही गोळ्यांचं याच्या अगदी उलट असतं, कितीही खाऊन घ्या पोट काही सुरक्षित राहत नाही, आणि त्या गोळ्या कुठल्या हे माहीत नसेल तर माणूस जेवणाच्या भरवशावर निर्धास्त राहतो. हे दोन्ही वेगळं ओळखता यायला हवं असं मला मनापासून वाटतं म्हणून एवढं सगळं लिहायला बसले.

मी डॉक्टर नाहीये. घरच्यांसाठी डॉक्टरांना आणि फार्मासिस्टला विचारून विचारून, गोळीच्या खोक्यातला तो बारीक अक्षरातला कागद वाचून जे कळत गेलं ते लिहितेय. तुमच्या गोळीबद्दल तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

सगळ्यात आधी उपाशीपोटी म्हणजे नक्की काय ते बघू, कारण इथेच गडबड होते. सकाळी उठल्यावरचं पोट रिकामं हे सगळ्यांना कळतं, पण दुपारी जेवून तास झाला की लोकांना वाटतं पोट रिकामं झालं. तसं नसतं. नुसतं पाणी प्यायलं तर त्यातलं निम्मं दहा-वीस मिनिटांत पुढे आतड्यात जातं, पण भरपेट जेवण जठरातून पूर्ण पुढे सरकायला तीन-चार तास सहज लागतात, तेलकट असेल तर अजून जास्त. म्हणून औषधांच्या भाषेत उपाशीपोटी म्हणजे साधारण जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तास असं धरतात.

कुठला पदार्थ पोटात किती वेळ राहतो हे पहिल्यांदा डोळ्यांनी कसं बघितलं गेलं ती हकिकत मला फार आवडते. 1822 साली अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला जवळून बंदुकीची गोळी लागली, तो वाचला पण पोटावरची जखम अशी भरली की थेट जठरात जाणारं एक भोक तसंच राहिलं. विल्यम ब्यूमॉन्ट या लष्करी डॉक्टरने त्या भोकातून दोऱ्याला बांधलेले पदार्थ आत सोडून ते किती वेळात विरघळतात ते वर्षानुवर्षं टिपून ठेवलं आणि 1833 मध्ये सगळं छापलं. त्याच्या तक्त्यात शिजवलेला भात तासाभरात संपतो आणि भाजलेलं डुकराचं मांस पाच तासांच्या वर घेतं. आज मोजायच्या पद्धती कितीतरी पुढे गेल्यात, पण मऊ शिजलेलं पिठूळ खाणं लवकर पुढे सरकतं आणि चरबीवालं रेंगाळतं ही गोष्ट तेव्हाही तीच होती आणि आजही तीच आहे. गोळीसोबत काय खायचं हे ठरवताना मला सगळ्यात जास्त उपयोग याच एका गोष्टीचा होतो.

आता पेनकिलर. सगळ्यात जास्त पोटं यांनीच बिघडतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, ॲस्पिरिन ही सगळी एकाच कुळातली. पॅरासिटामॉल त्या कुळातलं नाही, ते पोटाला साधारणपणे त्रास देत नाही, त्यामुळे नुसत्या तापासाठी पॅरासिटामॉल घ्यायचं आणि खायची अजिबात इच्छा नसेल तर जबरदस्तीने काही कोंबायची गरज नसते, पाण्यासोबत घेतली तरी चालते. पण आयबुप्रोफेन वगैरेचं तसं नाही. जठरात इतकं जोरदार ॲसिड असून ते जठरालाच जाळत नाही कारण आतल्या बाजूला म्युकसचा, म्हणजे बुळबुळीत चिकट द्रवाचा, जाड थर असतो, आणि तो थर टिकवायचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं करतात. तीच रसायनं दुखऱ्या जागी सूज आणि वेदनाही आणतात. ही औषधं त्यांचं बनणंच अडवतात म्हणून दुखणं थांबतं, आणि त्याच कारणाने पोटाचं संरक्षणही कमी होतं. हे जॉन वेन या शास्त्रज्ञाने 1971 मध्ये दाखवलं आणि 1982 चं नोबेल त्याला त्यासाठीच विभागून मिळालं.

याचा आपल्याशी संबंध असा की या गोळ्यांचा त्रास दोन प्रकारचा असतो. एक म्हणजे गोळी जठराच्या अस्तराला थेट टेकते, विरघळताना तिथे चुरचुरतं, मळमळतं. हा त्रास खाऊन घेतल्यावर कमी होतो. दुसरा त्रास रक्तातून येतो, गोळी आतड्यातून शोषली गेली, रक्तात गेली, आणि मग सगळ्या शरीरातलं प्रोस्टाग्लँडिन कमी झालं, जठरातलंही. तिथे तुम्ही काय खाल्लं होतं याला काहीच अर्थ राहत नाही. घराचं छप्पर गळत असताना दारात छत्री धरून उभं राहण्यासारखं आहे ते. म्हणूनच याच कुळातलं इंजेक्शन घेतलं, जे पोटात जातच नाही, तरी त्यानेही अल्सर, म्हणजे जठराच्या अस्तराला जखम, होऊ शकतो. आणि म्हणूनच कोटिंगवाली ॲस्पिरिन, जी जठरात विरघळत नाही, तिने पोटातली चुरचुर कमी झाली तरी रक्तस्रावाचा धोका जात नाही.

हे मी इतकं ताणून लिहितेय कारण "मी रोज जेवूनच घेतो, मला काही होत नाही" असं म्हणत महिनोन् महिने पेनकिलर खाणारी माणसं मी बघितलीत. जळजळ होत नाही म्हणजे अल्सर होत नाही असं नाही, बऱ्याच लोकांना आधी काहीच जाणवत नाही आणि एकदम रक्तस्रावच होतो, वयस्कर लोकांत तर जास्तच. ज्यांचं वय 65 च्या वर आहे, ज्यांना आधी अल्सर होऊन गेलाय, जे सोबत रक्त पातळ करायची गोळी, हृदयासाठीची रोजची छोटी ॲस्पिरिन किंवा स्टेरॉइड घेतात, त्यांना डॉक्टर पेनकिलर शक्यतो टाळायला सांगतात, किंवा द्यावीच लागली तर सोबत ॲसिड कमी करणारी गोळी जोडून देतात. ती गोळी उगाच वाढवलीय असं समजून परस्पर वगळू नका. डिप्रेशनच्या काही गोळ्यांसोबतही, म्हणजे सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन या जातीच्या, पेनकिलर घेतल्यावर रक्तस्रावाची शक्यता वाढते, हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं कारण अंगदुखीसाठी दाखवायला गेल्यावर मनाच्या गोळ्यांचा विषय कुणी काढतच नाही.

आणि दारू. पेनकिलरच्या दिवसांत दारू नको, एवढंच.

बरं, मग खायचं काय. आईचा अनुभव सांगते. तिला डायक्लोफेनॅकचा छोटा कोर्स लागतो अधूनमधून, आणि तिची तक्रार ठरलेली, सकाळच्या गोळीने मळमळतं. ती खाऊनच घ्यायची, पण खायची काय तर कडक चहा आणि सोबत तळलेलं काहीतरी. म्हणजे पोटात ॲसिड वाढवणारा चहा, वर तेलामुळे जठर हळू रिकामं होणार, आणि त्यात ती गोळी. पोटात अन्न होतं पण चुकीचं होतं. आता आम्ही काय करतो, एक केळं घ्यायचं, त्याच्या चकत्या करायच्या, अर्ध्या चकत्या आधी खायच्या, मग गोळी मोठा ग्लासभर साध्या पाण्यासोबत, मग उरलेल्या चकत्या आणि त्यावर ब्रेडची एक स्लाइस किंवा थोडा मऊ भात. चहा नंतर, सावकाश. यात जादू काही नाही, गोळीच्या खाली आणि वर दोन्हीकडे काहीतरी मऊ आहे एवढंच, पण तिची मळमळ खरंच कमी झाली आणि कोर्स पूर्ण व्हायला लागला.

मऊ भात, ओट्स, उकडलेला बटाटा, साधा ब्रेड, केळं, उकडलेलं अंडं, साधी बिस्किटं, यातलं जे आवडतं ते. मूठभर पुरतं, पोट फुटेस्तोवर खायची गरज नाही, उलट जास्त खाल्लं की जठर ताणलं जातं आणि ॲसिड घशाशी येतं. तिखट, तळलेलं, संत्र्या-मोसंबीचा रस, टोमॅटोचं सूप, कॉफी, सोडावाली पेयं, हे गोळीच्या आसपास नको. तिखटाने अल्सर होतो असं नाही, पण आधीच चुरचुरणाऱ्या पोटाला ते नक्की झोंबतं. आणि जिथे गोळी खाण्यासोबत घ्यायचीय तिथे आधी दोन-चार घास, मग गोळी, मग बाकीचं, हा क्रम मला नुसतं जेवण झाल्यावर गोळी घेण्यापेक्षा बरा वाटतो, मळमळ होणाऱ्यांना तर जास्तच.

पेनकिलर खाऊन घेतली की असर थोडा उशिरा सुरू होतो हेही लक्षात ठेवा, कारण अर्ध्या तासात दुखणं थांबलं नाही म्हणून दुसरी गोळी घेणारे लोक आहेत. आणि ती दुसरी गोळी बऱ्याचदा वेगळ्या नावाची पण त्याच कुळातली असते, किंवा दोन औषधं एकत्र केलेली असते आणि त्यात आयबुप्रोफेन आधीच असतं. स्ट्रीपच्या मागे घटकांची नावं असतात, ती वाचायची सवय लावून घ्या.

दुधाबद्दल वेगळं लिहायलाच हवं कारण पोटासाठी दूध हा सगळ्यांचा आवडता उपाय. दूध प्यायलं की लगेच बरं वाटतं हे खरं आहे, ते ॲसिडला थोडा वेळ मवाळ करतं. पण दुधातलं कॅल्शियम आणि प्रोटीन जठराला नवीन ॲसिड बनवायला लावतं, त्यामुळे थोड्या वेळाने जळजळ परत येऊ शकते. पेनकिलरसोबत कपभर दूध घेतलं तर काही बिघडत नाही, चालतं. पण सगळ्या गोळ्यांसोबत दूध चालत नाही, आणि इथे प्रश्न जळजळीचा नसून औषध वाया जायचा आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि टेट्रासायक्लीन ही अँटिबायोटिक्स कॅल्शियमला चिकटतात, त्याचा एक गठ्ठा बनतो आणि तो शोषलाच जात नाही. म्हणजे तुम्ही पोट सांभाळलं आणि इन्फेक्शन तसंच राहिलं. सिप्रोफ्लॉक्सासिन नुसत्या दुधा-दह्यासोबत घ्यायची नाही, पण पूर्ण जेवणात थोडं दूध-दही असेल तर तेवढ्याने अडत नाही. मात्र अँटासिड, लोहाच्या गोळ्या, झिंक यांच्यापासून तिला लांब ठेवायचं, गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर.

याउलट अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची जी जोडगोळी मिळते, ती जेवायला सुरुवात करतानाच घ्यायची. पहिल्या घासाबरोबर. यात दुहेरी फायदा आहे, पोट कमी बिघडतं आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड नीट शोषलंही जातं. तिच्यासोबत दूध-दही चालतं, आणि जुलाब होत असतील तर दह्याचा थोडा उपयोगही होतो. लघवीच्या इन्फेक्शनसाठी नायट्रोफ्युरँटॉइन देतात तीही अशीच, खाण्यासोबत घेतली तर मळमळही कमी आणि शोषणही चांगलं. मेट्रोनिडॅझोलने तोंडाला एक धातूसारखी चव येते, अन्नच नको वाटतं, तरी थोडं खाऊनच घ्या, आणि तो कोर्स चालू असताना दारूचा थेंबही नको. एरिथ्रोमायसिनमध्ये पोटात पेटके येतात ते वेगळ्याच कारणाने, ते औषध जठराच्या स्नायूंना हलायला लावणारं बटणच दाबतं, त्यामुळे तिथे खाण्याने थोडा आराम पडला तरी पूर्ण जाईल असं नाही, डॉक्टरांना सांगून पर्याय विचारायचा.

डॉक्सिसायक्लीनबद्दल जरा थांबून सांगते. ही कॅप्सूल मुरुमांपासून मलेरियापर्यंत बऱ्याच गोष्टींसाठी देतात, त्यामुळे तरुण मुलंमुली खूप घेतात. हिचा त्रास पोटाच्याही आधी होतो, अन्ननलिकेत. माणूस रात्री झोपायला जाताना घोटभर पाण्यासोबत कॅप्सूल गिळतो आणि लगेच आडवा होतो. कॅप्सूल खाली पोचतच नाही, मधेच नळीच्या भिंतीला चिकटते, तिथेच विरघळते, आणि तिथे जखम होते. दुसऱ्या दिवशी छातीच्या मध्यभागी, हाडाच्या मागे दुखतं, गिळताना तर पाण्याचा घोटसुद्धा टोचतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला हे झालं तेव्हा घरचे हार्ट अटॅकच्या विचाराने घाबरून तिला इमर्जन्सीत घेऊन गेले होते. म्हणून ही कॅप्सूल मोठा ग्लासभर पाण्यासोबत, बसून किंवा उभं राहून, आणि नंतर निदान अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही. झोपतानाची वेळच नको, रात्रीच्या जेवणासोबत घ्या. थोडं खाऊन घेतलेलं चालतं, मळमळ होणाऱ्यांनी तर खाऊनच घ्यावी, फक्त लोह आणि अँटासिड सोबत नको, आणि दुधाचं फार्मासिस्टला विचारून घ्या.

हाडांसाठी आठवड्यातून एकदा अलेन्ड्रोनेट देतात तिथे तर हे नियम अजून कडक आहेत. सकाळी उठल्याबरोबर, पूर्ण उपाशीपोटी, फक्त साध्या पाण्यासोबत, आणि नंतर अर्धा तास ना खायचं ना झोपायचं. इथे पोटाला बरं वाटावं म्हणून बिस्किट खाल्लं तर औषध जवळजवळ शोषलंच जात नाही. म्हणजे ही गोळी अन्ननलिकेला त्रास देणारी आहे आणि तरी तिच्यासोबत खायचं नाहीये, पोट सांभाळायचं ते पाण्याने आणि ताठ बसून. ज्यांना तेवढा वेळ ताठ बसता येत नाही त्यांनी डॉक्टरांना आधीच सांगायचं.

लोहाच्या गोळ्यांनी तर कितीतरी बायका बेजार होतात. मळमळ, बद्धकोष्ठता, पोटात जड वाटणं. पुस्तकात लिहिलेलं असतं की उपाशीपोटी घ्या, तशीच सगळ्यात चांगली शोषली जाते, पण उपाशीपोटी घेऊन जर दोन दिवसांत बंद होणार असेल तर त्या चांगल्या शोषणाचा काय उपयोग. थोडं खाऊन घेतली, शोषण थोडं कमी झालं, पण रोज जातेय, हे कितीतरी बरं. फक्त ते थोडं काय असावं ते महत्त्वाचं. चहा, कॉफी, दूध, कॅल्शियमची गोळी हे सगळं लोहाला अडवतं, त्यात निदान दोन तासांचं अंतर ठेवा. संत्रं, पेरू, लिंबू यातलं व्हिटॅमिन सी लोहाला मदत करतं, त्यामुळे गोळीसोबत एखादं असं फळ छान, आंबटाने जळजळत नसेल तर. हल्ली काही डॉक्टर रोज न देता एक दिवसाआड देतात, कारण एक गोळी घेतल्यावर शरीर दुसऱ्या दिवशी लोह कमी शोषतं असं अभ्यासात दिसलंय, आणि त्याने पोटालाही सुट्टी मिळते. तुमच्या डॉक्टरांना विचारून बघा, स्वतःहून बदलू नका.

लोहाने शौचाचा रंग काळपट होतो, त्याला घाबरायचं कारण नाही. पण डांबरासारखी चिकट, चमकदार, घाणेरड्या वासाची काळी शौच, मग लोह चालू असो नसो, हे पोटात रक्तस्राव होत असल्याचं लक्षण असू शकतं. तसंच उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसणं, चक्कर आणि घाम येऊन पोट दुखणं. अशा वेळी काय खाऊ म्हणजे बरं वाटेल हा विचारच करायचा नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं, रात्र असली तरी.

बाबांच्या मेटफॉर्मिनचं थोडक्यात सांगते. जेवणासोबत, जेवण चालू असतानाच. सुरुवातीला जुलाब, गॅस, मळमळ होते आणि बऱ्याच लोकांची ती थोड्या आठवड्यांत आपोआप कमी होते, म्हणून तर डॉक्टर कमी डोसने सुरू करून हळूहळू वाढवतात. तरी नाही थांबलं तर हळू सुटणारी गोळी मिळते, ती बहुधा रात्रीच्या जेवणासोबत देतात, आणि बाबांना त्यानेच फरक पडला. ती मात्र फोडून किंवा चुरून खायची नाही. ग्लिमेपिराइडसारख्या शुगरच्या गोळ्या खाण्यासोबत द्यायचं कारण एकदम वेगळं आहे, तिथे पोटाचा काही संबंध नाही, न खाता घेतली तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. एकाच माणसाच्या एकाच वेळच्या दोन गोळ्या, दोन्हीवर जेवणासोबत लिहिलेलं, पण एकात जेवण चुकलं तर फार तर पोट बिघडेल आणि दुसरीत माणूस बेशुद्ध पडेल. म्हणून आमच्या घरच्या तक्त्यात मी जेवणासोबत एवढंच लिहित नाही, पुढे का तेही लिहून ठेवते.

थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, आणि लोह किंवा कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब, हे बहुतेकांना माहीत असतं. पण ॲसिडिटीच्या गोळीचं माहीत नसतं. ओमेप्राझोलसारखी गोळी जळजळ सुरू झाल्यावर जेवून घेण्यात फारसा अर्थ नसतो. जठरात ॲसिड सोडणारे पंप खाताना कामाला लागतात आणि ही गोळी चालू पंपांनाच बंद करते, म्हणून ती खायच्या अर्धा तास ते तासभर आधी पोटात हवी.

कोटिंगवाल्या गोळ्या चावू किंवा कुटू नका, हेही पोटासाठीच. काही गोळ्यांवर मुद्दाम असं आवरण असतं की ॲसिडमध्ये ते टिकतं आणि आतड्यात गेल्यावर सुटतं. बद्धकोष्ठतेची बिसाकोडिल ही त्यातलीच, तिच्या आगेमागे तासभर दूध किंवा अँटासिड घेतलं तर आवरण जठरातच सुटतं आणि पोटात पेटके येतात. ज्यांना गोळी गिळता येत नाही त्यांच्यासाठी बऱ्याच औषधांचं सिरप किंवा पाण्यात विरघळणारी गोळी मिळते, घरी चुरा करण्याआधी फार्मासिस्टला एकदा विचारलेलं बरं.

फळ म्हणजे पोटाला हलकं, मग औषधासोबत घ्यायला काय हरकत, असं वाटतं ना. ग्रेपफ्रूट या मोसंबीसारख्या आंबट फळाने हा समज मोडला. 1989 मध्ये डेव्हिड बेली आणि त्यांचे कॅनडातले सहकारी रक्तदाबाच्या फेलोडिपिन या औषधावर दारूचा काय परिणाम होतो ते तपासत होते, दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि रक्तातलं औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं. दोष दारूचा नव्हता, रसाचा होता. तो रस आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम बंद पाडतो. पपनसातही तेच द्रव्य असतं. कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी हे विचारून घ्यावं.

आणि इतकं सगळं करूनही पोटाला झेपत नसेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, सोसत बसू नका. बदलण्यासारखं त्यांच्याकडे खूप असतं, डोस विभागून देता येतो, हळू सुटणारी गोळी असते, वेळ बदलता येते, लोहाचा दुसरा प्रकार असतो, पेनकिलरऐवजी दुखऱ्या जागी लावायचं जेल असतं ज्याने पोटाला फारच कमी त्रास होतो. पण बदल होईपर्यंत गोळी परस्पर बंद करायची नाही, आणि स्टेरॉइड तर नाहीच नाही. प्रेडनिसोलोन सकाळच्या नाश्त्यासोबत घेतात, त्याने जळजळ झाली तरी काही आठवडे चालू असलेली ती गोळी एकदम सोडायची नसते, कारण तेवढ्यात शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं आणि अचानक थांबवलं तर रक्तदाब कोसळू शकतो. त्या दिवशी काय करायचं हे फोन करून विचारा, आणि फोन लागेपर्यंत ठरलेला डोस थोड्या खाण्यासोबत घ्या.